सोळा हाका

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं की मीठ-मोहऱ्या वाया घालवू नका म्हणून भांडणारी मी. त्यात धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा... तिथे "आपोआप झालं" म्हटलं तर गिऱ्हाईक दारात उभं करत नाही. पण ही एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, म्हणून लिहितेय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत विश्रामबागला राहायचे आणि लूनावरून कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जायचे. तिथल्या एका छोट्या कारखान्यात दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे होते. एक पुढे ऑफिसात, दुसरा शेडच्या पार मागे ड्रॉइंगच्या खोलीत. मागचा झोपलेला असला तरी पुढच्या खुर्चीत बसून त्याला उठवता यावं, अशी मालकांची हौस. नेटवर्क कार्डात ती सोय तेव्हा नवीनच आली होती आणि मलाही ती धड कळलेली नव्हती. पण तसं कबूल करेन तर मी कसली!

कारखान्याचे टाइमकीपर होते नाना. इस्लामपूरकडचे, उंचेपुरे, लष्करातून सिग्नलमन म्हणून निवृत्त झालेले. एरवी माझी टिंगल करायचे, पण त्या दिवसांत तीही कमी झाली होती. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते नीट पार पडलं, पण दोन आठवडे झाले तरी काकू शुद्धीवर येत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर होईल तितकं अवघड. बोलत राहा, नावाने हाक मारा.

एका दुपारी मी वैतागून बसले होते. आधी मागचा कॉम्प्युटर कुठल्याही फालतू संदेशाने उठून बसायचा. मग मी सेटिंग बदललं, फक्त त्यालाच हाक मारली तर उठ. तर आता तो ढिम्म. नाना चहा घेऊन आले.

"काय म्हनतंय तुमचं कुंभकर्ण?"

मी समजावून सांगितलं. मशीन झोपतं, पण कार्डाला थोडी वीज मिळत राहते. ते ऐकत असतं.

"म्हंजी समदी झोपली तरी एकजन कान लावून बसलाय. आमच्या बिनतारीवानी. आपल्या ठाण्याची हाक, कॉल साइन, आली की उठवायचं."

"अगदी तस्सं. आधी सावधानचा इशारा, मग तेच नाव सलग सोळा वेळा."

"मग उठत का न्हाई?"

आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. मी हाक मारत होते ती ऑफिसने त्या कॉम्प्युटरला ठेवलेल्या नावाने! कार्डाला ते नाव ठाऊकच नव्हतं. त्याला कळतो तो फक्त जन्माच्या वेळी, म्हणजे ते कार्ड बनलं तेव्हाच, त्याच्यावर छापलेला नंबर. मी तो नंबर टाकला, बटण दाबलं, आणि शेडच्या टोकाला कॉम्प्युटर उठला. मी टाळ्या पिटल्या.

नाना मात्र चहाचा कप तसाच धरून उभे होते.

"पोरी... तिकडं दवाखान्यात समदी तिला सुमन म्हनत्यात. कागदावर त्येच हाय. पर सुमन नाव आमच्या घरचं. लग्नात आमीच ठिवल्यालं."

"आणि तुम्ही काय हाक मारता?"

"मी कवा मारलीय नावानं? अगं म्हंतो. तीस वरसं अगंच."

"माहेरचं नाव काय त्यांचं?"

नाना उगाच दाराकडे बघत राहिले. बायकोचं नाव तोंडातून काढायची सवयच नाही माणसाला. शेवटी कानात सांगावं तसं पुटपुटले, "हौसा."

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मी किल्ली घेऊन एकटीच गेले होते. मागच्या कॉम्प्युटरमधली कार्डाची वायर सैल होती, म्हणून कार्डच काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं. नेटवर्कची केबल खाली लोंबत होती. मशीन चालू करून पाहिलं, मग झोपवलं आणि डबा खाऊन खुर्चीत टेकले.

साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. पत्र्यातल्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात धूळ सावकाश फिरत होती. यंत्रं बंद असली की ती शेड किती मोठी वाटते! मी जागी होते, पण अर्धीच.

आणि पंखा फिरायला लागला.

पडदा हळूहळू उजळला. मी कशालाही हात लावला नव्हता. समोरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. मी मशीन पुन्हा झोपवलं. पाचेक सेकंद गेले नाहीत, ते पुन्हा उठलं. भीती वाटायला हवी होती ना? वाटली नाही. लहानपणी दुपारी झोपले की आई खांद्यावर हात ठेवून उठवायची, तसं काहीतरी त्या खोलीत होतं. मी तशीच बसून राहिले. का कोण जाणे, डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी नाना फाटकातूनच ओरडले, "उठली गं पोरी! काल उठली!"

"किती वाजता?"

टाइमकीपर माणूस. आधी घड्याळ बघणार, मग रडणार. "चारला धा कमी."

मी तडक मागच्या खोलीत गेले. मग सगळं तपासलं. व्होल्टेज म्हणावं तर यूपीएस होता. माउसने किंवा वेळ लावून उठायची सेटिंग्ज बंद होती. आणि हाक ऐकणारं कार्ड तर टेबलावर! पुण्याच्या एका जाणकाराला विचारलं, तो हसला. त्या मशीनने पुन्हा कधीही तसं केलं नाही. काकू नावामुळे उठल्या की उठायच्याच होत्या, तेही मला माहीत नाही. योगायोग म्हणा, मी भांडणार नाही. पण समजलंय असं खोटं सांगणार नाही.

‘हौसा’ म्हणून हाका किती मारल्या, हे मी नानांना बऱ्याच महिन्यांनी विचारलं. काकू तोवर काठी टेकत घरात फिरायला लागल्या होत्या.

"अकरापत्तोर मोजल्या. मग तिनं डोळं उगडलं. माझ्याकडं बघितलंच न्हाई... माझ्या मागं, दाराकडं बघाय लागली. आन् इचारलं, माहेरचं कोन आलंय?"

"मग?"

नानांनी टोपी काढून हातात धरली.

"म्हनलं, मीच हाय."