मॅच बघणारी आमची माणसं

क्रिकेटचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मॅच कोण जिंकलं ते चार महिन्यांत विसरायला होतं. पण कोण कुठं बसलं होतं, कुणाचा चहा सांडला, कोण कुणावर खेकसलं, हे वीस वर्षांनी पण जसंच्या तसं आठवतं. मी बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो. नोकरीची बहुतेक वर्षं लातुरात गेली. आई-बाबा माझ्याजवळ, आणि शेजारी सत्तारभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, त्याच्या मागं त्यांचं घर. आता अशा जागी राहिल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय!

*

मोठी मॅच जवळ आली की सत्तारभाईंच्या दुकानात टीव्हींची रांग लागायची. जो तो म्हणणार, "भाई, माझा आधी!" भाई दोन-दोन दिवस जेवायला पण घरात जायचे नाहीत.

एकदा फायनलच्या सकाळी सगळे टीव्ही घरोघरी गेले, एकच राहिला. एका रिटायर मास्तरांचा. त्याचा पार्ट हैदराबादहून यायचा होता, आलाच नाही. मास्तर रागावले नाहीत. "हाव, असू द्या," म्हणाले आणि वळले.

त्यांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती, आणि त्या घरात क्रिकेटचं खरं वेड तिलाच होतं, हे भाईंना ठाऊक होतं. ते घरात गेले, स्वतःचा टीव्ही उचलला, ऑटोत घातला आणि मास्तरांच्या घरी तिच्या पलंगासमोर नेऊन लावला. मग चित्र हलून राहिलं म्हणून स्वतःपण तिथंच बसले. संध्याकाळपर्यंत!

दुपारी आम्ही फरीदाभाभींना विचारलं, "भाभी, भाई कुठं गेले?"

"टीव्ही के साथ गए," भाभी म्हणाल्या. "टीव्ही तो वापस आएगा. उनका भरोसा नै!"

*

माझे बाबा फार कडक. छप्पन साली घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते शाळेत होते. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. शकुन, नवस, मुहूर्त असला शब्द घरात कुणी काढला की तासभर लेक्चर.

एका मॅचला आपल्या चार विकेट झटपट गेल्या. तेवढ्यात आई भाकरी थापता थापता स्कोअर विचारायला दारात आली, आणि लागोपाठ दोन चौके बसले! ती वळणार तर बाबा ओरडले, "हलू नको! हाय तिथंच थांब!"

आई थांबली. हाताला पीठ, तव्यावर भाकरी. एक ओव्हर झाली, दोन झाल्या. भाकरीचा वास यायला लागला.

आई शांतपणे म्हणाली, "शकुन-अपशकुन सगळं छप्पन साली सोडलं ना आपण? मग मला उंबऱ्यावर कशापायी उभं केलंय?"

बाबांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "सोडलंयच," म्हणाले. "पण तीनच ओव्हर राहिल्यात."

*

माझे दोन मामा नांदेडला शेजारी-शेजारी राहायचे. मधल्या भिंतीच्या जागेवरून भांडण झालं आणि तीन वर्षं एकमेकांशी शब्द नाही. बोलायचं झालं तर मामींच्या मार्फत. "त्यांना सांगा, नळ आलाय." "त्यांना म्हणावं, कळलं."

थोरल्या मामांकडे मोठा कलर टीव्ही. धाकट्यांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा, म्हणून त्यांच्याकडे जनरेटर. एका रविवारी मी तिथं होतो. मॅच रंगात आली आणि लाइट गेली. थोरले मामा कपाळाला हात लावून बसले. पाच मिनिटांनी भिंतीवरून एक वायर आत पडली. पलीकडं जनरेटर धडधडायला लागला.

वायर टीव्हीपर्यंत ओढायला धाकटे मामा आत आले. जोडून झाली तरी गेले नाहीत, दाराला टेकून उभे राहिले. खुर्ची कुणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. तेवढ्यात रनआउट! पुन्हा-पुन्हा दाखवून राहिले.

"आउट हाय!" धाकटे मामा म्हणाले.

"न्हाई! बॅट आत हाय!" थोरले.

"दादा, डोळे तपासून घे!"

"तू मला शिकवतोस व्हय रे?"

आवाज चढला. दोघं टीव्हीसमोर उभे राहून एकमेकांवर बोटं नाचवायला लागले. मी सोडवायला उठलो, तर थोरल्या मामींनी माझा शर्ट धरून खाली बसवलं.

"भांडू दे रे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "बोलून तर राहिलेत!"

*

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आमच्या गल्लीतच एका सरांचा फिजिक्सचा क्लास होता. शिस्त अशी की मॅचच्या दिवशी मुद्दाम टेस्ट ठेवायचे. "क्रिकेट तुम्हाला डॉक्टर करणार नाही!" हे त्यांचं वाक्य पोरांना पाठ.

अशाच एका टेस्टला दीडशे पोरं मान खाली घालून लिहीत होती. सर अधूनमधून बाहेर जायचे, आत येऊन फळ्याच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचे. उरलेली मिनिटं असणार, म्हणून पोरं हात भरभर चालवायची. एकशे वीस. मग एकशे एकतीस. मग एकशे बेचाळीस.

शेवटी किनवटकडची एक पोरगी उठली. "सर, वेळ कमी व्हायचा सोडून वाढून राहिलाय!"

सरांनी फळ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. मग खडू उचलून आकड्याच्या पुढं एक रेघ मारली आणि लिहिलं, पाच.

"आता लिहा गप," म्हणाले. "पाच गेलेत."

*

हीच पोरगी, सुनीता तिचं नाव, आईसोबत आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. गाव इस्लापूरजवळ. वडील तिकडं शेती बघायचे आणि आई इथं लेकीसाठी दोन वर्षं खोलीत काढून राहिली होती. तिचा अभ्यास बघून आम्ही ठरवलं, मॅच बघायची पण आवाज बंद. बाबांना तर ओरडायची सवय. ते तोंडात रुमाल धरायचे. विकेट पडली की आम्ही सगळे मुक्यानंच नाचायचो.

परीक्षेला महिना राहिला असेल. भर मॅचमध्ये सुनीता जिना उतरून खाली आली. चेहरा रडवेला.

बाबा घाबरले. "काय झालं बाळा? आवाज आला का?"

"आजोबा, आवाज येत न्हाई तेच तर! खाली काय झालं असंल याचाच विचार येऊन राहिला. एक पान पुढं सरकंना. लावा ना आवाज!"

आवाज लावला. वरून तिच्या आईचा आवाज आला, "स्कोअर किती झाला हो?"

सुनीताचा मेडिकलला नंबर लागला. तिचा पहिला पेढा बाबांना.

*

आता हा भूकंपाच्या वर्षातला. किल्लारीच्या बाजूच्या एका गावाबाहेर आमचं खातं लोकांसाठी पत्र्याचे शेड उभे करून राहिलं होतं. गाव म्हणून काही शिल्लक नव्हतं, नुसता दगडांचा ढीग. माणसं दिवसभर शेडच्या सावलीत बसून असायची.

मी हे सत्तारभाईंना सांगितलं. पुढच्या मॅचच्या दिवशी ते एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन माझ्या जीपमध्ये येऊन बसले. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावला, बांबूला अँटेना बांधली. मग प्रत्येक मॅचला येत राहिले. स्वतः कधी बसायचे नाहीत. बॅटरीपाशी उभे राहून वायरीचे चिमटे धरून असायचे.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली. ताडपत्रीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, पण मध्येच एखादा माणूस मावेल एवढी जागा मोकळी. कुठं एक, कुठं लागून तीन. माझे साहेब आले आणि अशाच एका जागेवर बसायला गेले. सरूआजी म्हणून एक म्हातारी होती, ती हळूच म्हणाली, "तिथं न्हाई साहेब. इकडं बसा, माझ्यापाशी."

मागून मला कळलं. जुन्या गावात ग्रामपंचायतीचा टीव्ही होता. त्याच्यासमोर ज्याची त्याची जागा ठरलेली होती, ढिगाखाली गेलेल्यांची पण.

विकेट पडली की सगळे उठायचे, ओरडायचे, टाळ्या वाजवायचे. खाली बसले की जागा पुन्हा तेवढ्याच मोकळ्या.

चौथी की पाचवी मॅच असेल. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, भाई नेहमीसारखे बॅटरीपाशी उभे. सरूआजीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवरची धूळ तिनं पदरानं झटकली.

"सत्तारभाई," ती म्हणाली, "किती उभं ऱ्हाताल? हितं बसा."

टीव्ही चालू होता, पण कुणी टीव्हीकडं बघेना.

भाईंनी चिमटे माझ्या हातात दिले. चपला काढल्या. ताडपत्रीवरून पाय जपून टाकत गेले आणि बसले. पण निम्म्याच जागेवर.