मे महिन्यात जगणारा प्राणी

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितीय का," आणि दुसऱ्या दिवशी तोच किस्सा जरा मोठा होऊन परत येतो. आमच्या ज्युनिअर कॉलेजात गेल्या वर्षी जे साठलं, ते मी होतं तेवढंच सांगतो. वाढवायची गरजच पडत नाही.

आमचं कॉलेज लष्कराच्या छावणीच्या अलीकडं. मी तिथं बायोलॉजी शिकवतो, बावीस वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये नाज शेख मॅडम आल्या. वय तीस, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, नेमणूक एका वर्षाच्या काँट्रॅक्टवर. घरी अब्बा आणि त्या, दोघंच. अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा इथल्याच दवाखान्यात चालतं, त्यामुळं शहर सोडून दुसरीकडं नोकरी बघायची सोय नव्हती. हे काँट्रॅक्ट वाढणं, एवढं एकच त्यांना पाहिजे होतं.

आणि असं असताना बाईंनी पहिल्याच महिन्यात अकरावीला प्रोजेक्ट दिला, "परग्रहावरचा प्राणी तयार करा. अट एकच. तो पृथ्वीवर जगला पाहिजे. पृथ्वी म्हणजे आपलं गाव, आणि महिना मे."

मी कपाळावर हात मारला. प्राचार्यांनी तर सरळच सांगितलं, "मॅडम, पानं गोळा करून वहीत चिकटवायला सांगा. इतकी वर्षं तेच चाललंय." मॅडम ऐकेनात. शेवटी ठरलं की फेब्रुवारीत प्रदर्शन भरवायचं, संस्थेचे अध्यक्ष येऊन बघतील, आणि मॅडमना ठेवायचं का नाही ते तेव्हाच ठरेल.

म्हणजे बाईंची नोकरी आता पोरांच्या परग्रहवाल्यांवर. मला तर झोप लागेना.

*

पहिल्या खेपेला सगळे प्राणी हिरवे. तीन डोळे, मोठं डोकं, हातात बंदूक. मॅडमनी सोनाली नावाच्या पोरीला उभं केलं.

"तुझा प्राणी पाणी कुठून पिणार?"

"नळाचं, मॅडम."

"तुमच्याकडं नळाला शेवटचं कधी आलं?"

सोनालीनं बोटं मोजली आणि स्वतःच म्हणाली, "मेला, मॅडम."

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक प्राण्याच्या पाठीवर टाकी. एकाची तर एवढी मोठी की खाली फक्त पाय दिसत होते. मी म्हटलं, "अरे, हा प्राणी आहे का गच्चीवरून पळून आलेली टाकी?" पोरगं म्हणालं, "सर, तुम्ही काही म्हणा, मे महिना काढतो हा."

*

मॅडमची एक पद्धत होती. प्राणी जगणार नाही असं वर्गात सिद्ध झालं की एका जाड रजिस्टरात नोंद करायच्या. पोराचं नाव, तारीख आणि मृत्यूचं कारण. पोरांना त्यात भारी मजा यायची. स्वतःच कारण सांगून सह्या करायची.

एकदा ते रजिस्टर हजेरीच्या गठ्ठ्यात ऑफिसला गेलं. अर्ध्या तासात आमचे क्लार्क जोशीकाका स्टाफरूमच्या दारात. चेहरा पांढराफटक. रजिस्टर उघडून माझ्यापुढं धरलं. पवार, उष्माघात. खान, पाण्यावाचून. देशपांडे सानिका, कुत्र्यांनी खाल्ली.

मला वाटलं, आता माणूस रडणार. काका दबक्या आवाजात म्हणाले, "सर, सतरा पोरं गेलीत. आणि हजेरीत सगळी प्रेझेंट! तपासणी आली तर मी काय उत्तर देऊ?"

त्यांनी ते अजून प्राचार्यांना दाखवलेलं नव्हतं, हे कळल्यावर मॅडमनी त्यांना स्वतःच्या डब्यातला शीरखुर्मा खाऊ घातला. माझ्याही जिवात जीव आला.

*

लासूर स्टेशनच्या वैभवनं वेगळीच शक्कल लढवली. त्याचा प्राणी खातच नव्हता. झाडासारखं उन्हावर जगायचा. मॅडमनी हिशोब करायला लावला तर कळलं, एवढ्या अंगाला तेवढं ऊन पुरत नाही, पाठीवर सतरंजीएवढी पानं लागतील. वैभवनं पानं लावली. आता प्राण्याला हलता येईना. ते पण त्यानं मान्य केलं. म्हणाला, "पडून राहील, मॅडम."

पालकसभेला त्याचे वडील आले. कांद्याचे व्यापारी, सरळ मार्केटातून आलेले. मॅडमनी कौतुकानं मॉडेल दाखवलं.

"हा काम काय करतो?"

"काही नाही. दिवसभर पडून राहतो."

"आन् त्यानं भागतंय त्याचं?"

"हो, थोडं थोडं."

वडिलांनी वैभवकडं पाहिलं, मग मॉडेलकडं. "मॅडम, याला लई डोकं नाय लावलेलं. आमच्या घरी बघून बघूनच केलाय."

*

फर्दापूरचा सोहेल हॉस्टेलला राहतो. त्याचे वडील लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकतात. त्याचा प्राणी हुबेहूब दगड. हलत नाही, बोलत नाही, उन्हानं तापला तरी कुरकुरत नाही.

मॅडमचा नेहमीचा प्रश्न, "याला खातं कोण?"

"कोणीच नाही, मॅडम."

"मग याला धोका काहीच नाही?"

सोहेलनं विचार केला. "एक है. टुरिस्ट. लोक विकत घेतात."

"मग मरतो?"

"मरत नाही, मॅडम. पुण्याला जातो. शोकेसमध्ये."

*

फेब्रुवारी आला. अध्यक्ष म्हणजे अण्णा. पंचाहत्तरीचे, धोतर, टोपी, सगळं आयुष्य शेतीत आणि गुराढोरांत गेलेलं. मॅडम सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. प्राचार्य अण्णांच्या कानाशी लागून चालत होते आणि प्रत्येक टेबलापाशी "हे जरा काल्पनिक आहे" म्हणत होते. अण्णा नुसते बघून पुढं सरकत होते.

शेवटचं टेबल सोनालीचं. चार प्राणी मारून तिनं पाचवा केला होता. कागदाच्या लगद्याचा, तळहाताएवढा, मातकट. उन्हाळ्यात पापडासारखा वाळून पडतो, श्वाससुद्धा बंद. पाऊस आला की फुगतो, उठतो, चरतो. मॅडमनी सगळ्या बाजूंनी प्रश्न विचारून पाहिले होते, हा काही मेला नव्हता.

अण्णा थांबले. खुर्ची मागवून बसले.

"खातं काय हे?"

"दगडावरचं शेवाळ, आजोबा."

"मादी हाय?"

"हो. पावसाळ्यात पिल्लं होतात."

"मोठी कधी होत्यात?"

"फक्त पावसाळ्यातच वाढतात ना, म्हणून वेळ लागतो. तीन पावसाळे."

"तवर बघणार कोण यांच्याकडं?"

सोनालीनं मॅडमकडं बोट केलं.

अण्णा प्राचार्यांकडं वळले. "बाई हायेत ना तीन वर्षं?"

"त्यांचं काँट्रॅक्ट मेअखेर संपतंय, अण्णा."

"मंग जनावर कुणाच्या दावणीला बांधायचं?"

"अण्णा, कागदाचा लगदा आहे तो."

"असंल. म्हणून उपाशी ठिवायचं का?"

अण्णा तसेच ऑफिसात गेले, जोशीकाकांना समोर बसवलं आणि ऑर्डर सांगितली. काका तीस वर्षं क्लार्क, साहेब बोलतील ते अक्षर न् अक्षर टाइप करणार. प्राचार्यांनी न वाचता सही ठोकली.

मॅडमनी कागद हातात घेतला, वाचला. किती दिवसांचं ओझं उतरलं असेल, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर.

"अब्बा, नोकरी रह गई. यहीं रहना है अपने को."

"अल्लाह का शुक्र है. कितने साल की है बेटा?"

मॅडमनी डोळे पुसले आणि ऑर्डरमधली ओळ जशी होती तशी वाचून दाखवली, "मुदत : कु. सोनाली हिने तयार केलेल्या प्राण्याची पिल्ले मोठी होईपर्यंत."

अब्बा म्हणाले, "तो फिर उनको जल्दी बड़े नक्को होने देना."