शिंगाआधी गवत

माझ्या पदवीच्या कागदावर माझं, वडिलांचं आणि आईचं नाव आहे. भानुदास अण्णांचं नाव लिहायला त्यावर जागा नव्हती, म्हणून इथे ते सर्वांत आधी लिहितो. मी आज मास्तर आहे तो त्यांच्यामुळे.

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टरांच्या हाताखालचे, पण गावं त्यांनाच डॉक्टर म्हणत. तिसगावला असताना त्यांनी आमचा बैल वाचवला, तेव्हापासूनचा घरोबा. आमचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात आणि घराला कुलूप लागे. मी बारावी झालो त्या वर्षी वडील मलाही टोळीत नेणार होते. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन कर्जतजवळच्या आपल्या गावी निघाले होते. वडिलांना म्हणाले, "कोयता कवाबी हातात घेता येतो. कालेज पुन्हा यायचं न्हाई. पोरगं माझ्यासंगं द्या." त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या, घरी राहून मी कर्जतला बी.ए. झालो.

गावाबाहेर त्यांचा वडिलोपार्जित माळ होता. मुरमाड, बाजरीसुद्धा धड न देणारा. तिथे काळविटं येत. पिकातून हरणं हाकलता हाकलता गाव मेटाकुटीला आलेलं, आणि अण्णांनी ठरवलेलं की या माळावर असे नर वाढले पाहिजेत, ज्यांची शिंगं बघून वाटसरू थांबेल. शिकार वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हती. चाळीस वर्षं लोकांची आजारी जनावरं बघितल्यावर त्यांना एकदा भरलेलं, निरोगी जनावर डोळे भरून बघायचं होतं.

माळावर गेलो की मी लांबवर काळवीट शोधायचो. अण्णा मान खाली घालून चालायचे. "वर काय बघतोस? शिंगं खालून येत्यात," असं म्हणत आणि वेड्या बाभळीचं रोप मुळासकट उपटत. ती एकदा माजली की खाली गवत उरत नाही. पवन्या, मारवेल या गवतांचं बी पडेपर्यंत ते माळावर शेळी फिरकू देत नसत. अर्धं गवत बी पडल्यावर कापायचे, अर्धं उभं ठेवायचे. उन्हाळ्यात उथळ हौदात पाणी, शेजारी चाटायला क्षारांची वीट. काम संपायचंच नाही. उपटलेली बाभूळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर.

"मोठं शिंग पायजे आसंल तर आधी आईचं खानं बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाभण माद्यांना चांगलं गवत मिळालं तरच पाडस जोमदार निघतं, असं ते समजावत. एकदा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तू पोटात हुतास तवा तुजी आई उसाच्या फडात हुती ना? मंग तुजी उंची कशी वाढंल?"

मी मान खाली घातली. काकू कडाडल्या, "लेकराला जेवू द्या की. तुमी काय साजूक तुपावर वाढला व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटाशेजारी अण्णा दुधाचा पेला ठेवू लागले.

एका वर्षी पाऊस झालाच नाही. माळावर गवत उगवलं ते करपलं. अण्णांनी पाडसापासून पाहिलेला एक नर होता, पीळदार रुंद शिंगांचा. त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. उपाशी बैलाला एकदम दाणा घालू नका, असं आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलेल्या अण्णांनी हौदाशेजारी पोतंभर मका ओतला. दुसऱ्या सकाळी तो नर पोट फुगून मरून पडला होता. वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली. अण्णा स्वतःच म्हणाले, "माझ्या हातानं मेला. तसंच लिवा."

शेजारचे गुलाबराव बांधावरून बघत होते. "काय डॉक्टर, औषध लागू पडलं का?"

"पडलं. तुमच्या बैलाला दिऊ का?" अण्णा म्हणाले. मग तिथेच मातीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्यानंतर त्यांनी दाणा टाकला नाही. दुष्काळासाठी माळाचा एक तुकडा दरवर्षी न कापता राखायला लागले.

आता काकू नाहीत. अण्णांचे गुडघे गेले आणि कानही. त्यांचे चिरंजीव, आमचे दादा, त्यांना नगरला, सावेडीच्या फ्लॅटवर घेऊन गेले. दादा सरळ माणूस. मला म्हणाले, "माळातलं मला काही कळत नाही. तू बघणार असशील तर राहू दे. नाहीतर गुलाबराव कसायला मागतायत, त्यांना देतो." एकदा नांगर फिरला की ते गवत आमच्या हयातीत परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझी शाळा, संध्याकाळच्या शिकवण्या, घरी आईचं दुखणं. खरं सांगायचं तर मी थकलो होतो. अण्णांनी सावेडीला बोलावून घेतलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "आत्ता बोलू नको. आत्ता तू व्हयच म्हनशील. उपकार फेडायला म्हनून माळ घिऊ नको. तसा घेतलेला माळ दोन वर्सांत जातो. इचार कर, मंग सांग."

फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहिलं.

"अण्णा, नमस्कार.

विचार करायला सांगितला होता. तो काही झाला नाही, वेळच मिळाला नाही. रविवारी माळावर गेलो तर गुलाबरावांनी कडेने ट्रॅक्टरचा एक फेरा मारून ठेवलेला, म्हणे माती कशी आहे ते बघत होतो. गवताचे गड्डे उलटे पडले होते. मी तसाच गावात गेलो आणि पारावर, चार माणसांत, त्यांना नको ते बोललो. मी असं कधी कोणाला बोललेलो नाही, तुम्हाला माहीत आहे.

ते हसले. म्हणाले, 'मास्तर, तुमच्या बापाचा माळ हाय का?'

मी व्हय म्हणालो.

तुमचा
सुदाम"