देवी नव्हे, देवीवाली

माझ्या पत्नीच्या आजारपणाची हकीकत साक्री तालुक्यात आता अनेकांच्या तोंडी आहे, आणि सांगणारा प्रत्येक जण तीत पदरची एक ओळ घालतो. माझे मेहुणे, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तर ती दरवर्षी देवीच्या उत्सवात उभे राहून सांगतात: धुळ्याच्या दवाखान्यात नानांनी, म्हणजे मी, धावा केला, पांढऱ्या लुगड्यात साक्षात देवी आली आणि अक्का उठून बसल्या. हे ऐकून माझा जीव विटला आहे. त्या खोलीत मी होतो, मेहुणे नव्हते. म्हणून सत्तरी उलटल्यावर हे लिहावे लागत आहे.

धावा मी केला नव्हता, हे प्रथम नमूद करतो. न्यूमोनियाचा तो नववा दिवस होता, आणि कुलदेवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस बोलून चुकल्यावरही ताप हटत नसल्याने माझी श्रद्धा पार डळमळली होती. दवाखाना खाजगी. खाटेचे भाडे वेगळे, औषध वेगळे, डॉक्टर दारातून डोकावले तरी त्याची फी वेगळी. आणि एवढ्या थोरल्या दवाखान्यात बायकांच्या खोलीला नर्सबाई एकच. दुसरी होती, ती पगारात भागेना म्हणून सोडून गेली होती. उरलेल्या बाईंचा चेहरा लहानपणीच्या देवीच्या व्रणांनी भरलेला. आमच्याकडे त्या रोगालाच देवी म्हणतात. म्हणून रोगी बायका त्यांना 'देवीवाली' म्हणत, आणि त्यांनाही त्याचे काही वाटत नसे.

त्या दिवशी बाईंना कित्येक महिन्यांनी रजा मिळाली होती. सकाळीच गाठोडे घेऊन त्या पिंपळनेरच्या मोटारीसाठी गेल्या. तिकडे त्यांची आई होती. दुपारी पत्नीचे अंग एकाएकी घामाने थबथबले, हातपाय गार पडले, नाडी लागेना. डॉक्टर बाहेरगावी. कंपाउंडर म्हणाला, "नाना, आता देवाचं नाव घ्या." खाटेवर प्राण जाऊ नये अशी आपली रीत. सोबतीला आलेल्या माझ्या वहिनींना मी सांगितले, हिला खाली घ्या. उघड्या फरशीवर तिला निजवले, तोंडात तुळशीपत्र ठेवले. हा हुकूम माझा होता. उत्सवातल्या हकीकतीत हे कोणी सांगत नाही.

इतक्यात दारात बाई उभ्या राहिल्या, काखेत तेच गाठोडे.

"हिले खाले कोनी ठेवं?"

"मी," मी म्हणालो.

"नाना, ती मरी नही राह्यनी. ताप उतरी राह्यना. पन या फरशीवर ती खरंच मरी जाई. उचला पह्यलं."

मला आजवर असे कोणी बोलले नव्हते. मी निमूट उचलू लागलो. बाईंनी तिचे ओले लुगडे बदलले, विटा तापवून फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवल्या, तळवे चोळले, चमच्याचमच्याने कोमट दूध घातले. सकाळपासून त्या स्वतः जेवल्या नव्हत्या. दिवस कलायच्या सुमारास पत्नीने डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारले, "देवीवाली उनी का?" वहिनींनी अर्धेच ऐकले, 'देवी उनी', म्हणजे देवी आली. त्या अर्ध्या शब्दावर पुढचा सगळा चमत्कार उभा आहे.

मोटार त्या दिवशी आलीच नाही. का आली नाही, हे मला ठाऊक नाही आणि मी कोणाला विचारलेही नाही. ती देवीने अडवली असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मनातून मीही तेच मानतो. पण मोटार आली नाही म्हणून स्टँडावर झाडाखाली पडून न राहता त्या बाई रजेच्या दिवशी कामावर परतल्या, हे त्यांचे कर्तृत्व. ते देवीच्या नावावर खपवू नये.

घरी निघताना मी त्यांच्यापुढे रुपये धरले. त्या हसल्या. "बक्षीस नको, नाना. पगार पाह्यजे. बठ्ठा लोक म्हनतस देवी शे, देवी शे. देवीले भूक लागत नही, माले लागस." तेव्हा कळले की आमच्याकडून एका खाटेचे दिवसाचे जे भाडे घेत, तेवढाही त्यांचा दिवसाचा पगार नव्हता. मी तडक डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "ती सेवा आहे, नाना. सेवेचे मोल करू नये."

"मग तुमच्या सेवेचे मोल या बिलावर कोणी केले?" मी इतक्या मोठ्याने विचारले की ओसरीवरची माणसे आत डोकावली.

बाईंनी मला बाहेर बोलावले. "भांडण करीसन तुम्ही घर निंघी जाशात. माले आठेच ऱ्हानं शे."

आयुष्यात मी कोणापुढे पड खाल्ली नव्हती. त्या दिवशी परत आत गेलो, हात जोडले आणि विनंती केली. डॉक्टर म्हणाले, "पाहतो."

त्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी माझ्या डोळ्याच्या कामाने तिथे गेलो, तर बिलात 'शुश्रूषा' अशी नवी रक्कम लावलेली. बाई म्हणाल्या, "नाना, तुमनामुये पगार थोडा वाढना. बील मातर भलतं वाढनं." संताप आला, हसूही आले.

कुलदेवीला बोललेले चांदीचे डोळे मी वाहिले. बोलण्यात मी खोटा नाही. पण वाहताना मान खाली होती. पत्नीला फरशीवर ठेवले, त्यालाच मी शरण जाणे समजलो होतो. ते नुसते हात टेकणे होते. बाई मात्र तळवे चोळत राहिल्या, आणि पुढचे देवीवर सोडून चोळत राहिल्या. शरण जाणे याला म्हणतात, हे मला त्या दुपारी दिसले, ही देवीची कृपा.

मेहुणे ऐकत नाहीत. उत्सवात "साक्षात देवी आली" या वाक्याशी ते पोचले की बायकांच्या बाजूने माझ्या पत्नीचा आवाज येतो, "देवीवाली, भाऊ." मेहुणे तसेच पुढे रेटतात. मी मात्र तिथेच हात जोडतो.