मुरुडच्या होडीवरची पालपट्टी

पुण्याहून मुरुडला निघाले ती समुद्र पाहायला नाही, एका आरोपाची शहानिशा करायला. आमची कंपनी पालीच्या पायावरून सुचलेली पट्टी बनवते. तिच्यावर गोंद नसतो, डोळ्यांना न दिसणारे रबरी केस असतात. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की त्या जवळिकीनेच पट्टी धरून राहते. चाचणी विभाग माझा. माझी सही झाली की ती किनाऱ्यावरच्या होड्यांसाठी विक्रीला जाणार होती. पण नमुना म्हणून दिलेली पट्टी एका होडीत सुटली आणि दिशा दाखवणारं जीपीएस यंत्र भर समुद्रात पडून फुटलं. आमच्या विक्रीप्रमुखांनी पुण्यात बसूनच निकाल दिला: कोळ्यांनी भिंतीला हळदकुंकू फासलं, चूक त्यांची. वेष्टनावर ‘कुठल्याही हवेत टिकते’ असं छापूनही झालं होतं.

अलिबागहून पुढे एसटी. मांडीवरचा डबा पाहून कंडक्टरने विचारलं, “बाई, खायचं हाय काय?”

“पालीचे पाय आहेत.”

रेवदंड्यापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

मुरुडला ऑक्टोबरचं ऊन अंगावर आलं. होडीचे तांडेल (प्रमुख) नारायणदादा आणि त्यांच्या पत्नी सुगंधाताई धक्क्यावर उभे होते. सुगंधाताईंनी पाणीही न विचारता सुरुवात केली.

“तुमचा सायब म्हनतो, आमी होडी घान ठेवली. नारली पुनवेला होडीला हलदकुंकू लावायचा न्हाय, तं काय सायबाच्या कपालाला लावायचा?”

“कुठे लावलंत ते दाखवा.”

हळद होती नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला). यंत्र होतं मागे, केबिनमध्ये. त्या भिंतीवर एक ठिपकाही नव्हता. म्हणजे साहेबांनी साधी चौकशीही केली नव्हती. माझं डोकं तिथेच तापलं.

“स्क्रू का नाही मारलात?” मी नारायणदादांना विचारलं.

“फायबरला भोक पाडला का पानी मुरतं. म्हनून तं तुमची पट्टी घेतली.”

दुपारी भिंत स्वच्छ पुसून नवी पट्टी लावली आणि तिला यंत्राच्या वजनाची वाळूची पिशवी टांगली. केबिन भट्टीसारखी तापली होती. पिशवी हळूहळू घसरत खाली आली. भिंगातून पाहिलं तर उष्णतेने मऊ झालेले केस एकमेकांनाच चिकटून त्यांचे झुबके झाले होते. पुण्यात आम्ही हीच पट्टी एसीच्या खोलीत तपासली होती.

जेवायला तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण होतं.

“घान होडीतला म्हावरा (मासळी) हाय,” सुगंधाताई वाढताना म्हणाल्या. “चालंल ना?”

मी दोनदा मागून घेतलं.

पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा वारा) सुटली होती. हवा गार आणि दमट. आता पट्टी लगेच सुटणार असं मी धरून चालले होते. पण केबिनच्या आतल्या कोरड्या भिंतीवर ती पुण्यापेक्षाही घट्ट बसली. दमटपणाने केस जरासे नरम होऊन भिंतीला जास्त टेकत असावेत. दाराजवळच्या भिंतीवर मात्र दव साचलं होतं. तिथे केस आणि भिंत यांच्यामध्ये पाणी आलं आणि पट्टी लावता लावताच निसटली. एकाच होडीत, एकाच सकाळी, दोन तऱ्हा. आणि आम्ही छापलं होतं ‘कुठल्याही हवेत’.

“मंग आमचा कसूर काय?” नारायणदादांनी विचारलं.

“काही नाही. नवं यंत्र आणलंत की केबिनच्या आडव्या दांडीला शिकंजा (क्लॅम्प) आवळून बसवा. भोक नको, पट्टीही नको.”

“ह्ये सायबाला सांगशीला?” सुगंधाताईंनी विचारलं.

“तेवढ्यासाठीच परत जातेय.”

पुण्यात बैठकीची खोली इतकी थंडगार होती की मी शाल घेतली. साहेबांनी काचेला लावलेल्या पट्टीवर नारळ लटकवून सगळ्यांना दाखवला. मी मुरुडचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ही लोकं पूजा करतात, मग आपल्याला दोष देतात. तुम्ही सही करून टाका.”

इतक्या वर्षांत हवा बदलायला म्हणून लोक कोकणात जाताना पाहिले. तिथली हवा कशी आहे ते विचारायला कोणी गेलेलं पाहिलं नाही. मी कागद त्यांच्यापुढे परत सरकवला आणि सांगितलं, “त्या होडीतून एकदा मासेमारीला जाऊन या. यंत्र पट्टीवरच लावायचं. परत आलात की सही करते.”

सुगंधाताईंना कळवून ठेवलंय. साहेबांनी अजून दिवस ठरवलेला नाही.