वासूच्या विमानातली माझी खुर्ची

वासू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या पंपाचा सौदा करत होतो. समोरचा माणूस अडून बसला होता आणि मीही. फोन खाली ठेवला, आणि... सौदा पुरा करूनच उठलो. हे लिहिताना लाज वाटते, पण वासूबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. आम्ही दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. चूक त्याची होती, असं मी नऊ वर्षं मानत आलो. आता त्याला जाऊन दीड महिना झाला.

नागभीडला माझं भंगाराचं दुकान आहे. हातगाडी ढकलत सुरुवात केली, कोणाच्या बापाची मदत नाही. वासू जवळच्याच तलावाकाठच्या गावचा. घर मासेमारीचं, जाळी विणणारं. याचा हात मात्र इंजिनावर चालायचा. शेतातले पंप, धान काढायची यंत्रं, सगळं तो दुरुस्त करायचा आणि सुट्या भागांसाठी माझ्या ढिगाऱ्यात तासन् तास बसायचा. एकदा त्यानं ॲल्युमिनियमचे चार लांब पाइप वेगळे काढून ठेवले. मी विचारलं, "काय करतं बे याचं? मांडव टाकतं काय?"

"विमान बनवतो, भाऊ."

"दारू पिऊन आला काय?"

"नाई, भाऊ. दोन माणसाचं बनवतो. एक मी, एक तुमी."

मी हसलो. पण ती गोष्ट मनातून गेली नाही. मला आयुष्यात कोणी जागा धरून ठेवली नव्हती. जी मिळाली ती घासाघीस करूनच मिळाली. दुसऱ्याच आठवड्यात मी चंद्रपूरला जाऊन अपघातातल्या एका लहान मोटारीचं इंजिन दोन तास भांडून आणलं.

तीन वर्षं ते काम चाललं. घरामागच्या छपरीत त्यानं सांगाडा जोडला. इंजिनाला लावायचा शिवणीच्या लाकडाचा फिरता पंखा तासला, दोनदा फुटला, तिसऱ्यांदा जमला. पंखांचं कापड त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, जाळ्याच्या गाठी मारून शिवलं. वासूला एकच ध्यास होता, वजन. "भाऊ, वजनाचा खेळ आहे हा," तो म्हणायचा. प्रत्येक पाइप, प्रत्येक चाक तो माझ्या दुकानातल्या काट्यावर घालायचा आणि आकडा खडूनं छपरीच्या भिंतीवर लिहायचा. शेवटी आम्ही दोघंही त्या काट्यावर उभे राहिलो. मी बहात्तर किलो भरलो. "तब्येत बनवून राह्यले, भाऊ!" तो हसला होता.

मे महिन्यात तलाव आटला की त्याचा तळ टणक होतो. वासूनं फळीला बैल जुंपून भेगा बुजवल्या, लांबलचक पट्टी सपाट केली. उडायचा दिवस ठरला. मी नवा शर्ट शिवून घेतला, घरच्यांना बैलगाडीत घालून तलावावर गेलो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, अख्खं गाव जमलेलं. विमानाजवळ जाऊन पाहतो तर शेजारची खुर्ची नाही. तिच्या जागी नुसती नटांची चार भोकं.

"माही खुर्ची कुठी आहे?"

वासूनं मान खाली घातली. "भाऊ... वजन जास्त होऊन राह्यलं."

"इंजिन आणलं तवा माहं वजन नाई दिसलं तुले?"

"तुमचं नाई, भाऊ. मशीनचं..." तो पुढं बोलणार होता. पण माझा आवाज तोवर चढला होता. चार लोकांत मी त्याला बेइमान म्हणालो, घरच्यांना गाडीत बसवलं आणि परतलो. पाठीमागं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, लोक ओरडले. तो उडाला होता. मी वळलो नाही.

नंतर दर उन्हाळ्यात तो तळ्यावर उडायचा, ताडाएवढा उंच, या पाळीपासून त्या पाळीपर्यंत. तळ्याबाहेर जायचं नाही, अशी पोलीस पाटलांची ताकीद होती. तरी एका सकाळी तो आवाज माझ्या दुकानावर आला. इंजिन मीच आणलेलं, आवाज ओळखीचा. दोन घिरट्या झाल्या. रस्त्यावरची माणसं हात हलवत होती. मी पत्रे मोजत होतो, मोजत राहिलो... मान वर केली नाही. त्याचं विमान उडताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

चौदाव्यानंतर वच्छलाबाईंनी निरोप धाडला. छपरीत विमान जाळ्याखाली झाकलेलं होतं. भिंतीवर खडूचे आकडे तसेच, आणि प्रत्येकाच्या शेजारी दुसरा आकडा, प्रत्येक वेळी मोठा. मी विचारलं, "हे काय, बाई?"

त्या जाळं विणत होत्या. हात थांबवला नाही. "आदल्या दिवशी तुमच्या जागी धानाचं पोतं बांधून पाह्यलं त्यायनं. मशीन तळभर पळलं, उठलंच नाई. पाळीले जाऊन धडकलं. मंग मशीन खोलून एकेक सामान बैलगाडीत टाकलं, राईस मिलच्या काट्यावर नेलं, अन् रातभर बसून परत जोडलं. तुमच्या काट्यावर नऊ भरलेलं तिथी दहा भरे."

मी भिंतीवरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

भंगार विकत घेणाऱ्याचा काटा कमी दाखवतो. धंद्याची रीत आहे, माझ्या आधीच्यांनीही तेच केलं. दहाला नऊ. तो काटा हाताला इतका सवयीचा झाला होता की तो खोटा आहे हे मीच विसरलो होतो. मी स्वतःही बहात्तर नव्हे, ऐंशी किलोंचा होतो.

"मले काऊन नाई सांगितलं त्यानं?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणे, पाळीवर अख्खं गाव राहीन. काट्याची गोष्ट निंगाली त भाऊचं दुकान बसते."

त्याला बेइमान ठरवून मी गेलो, तेव्हा तो माझा धंदा सांभाळत उभा होता. वासू, तरी माझी तक्रार आहेच. तू सांगायला हवं होतंस. मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, महिनाभर तोंड पाहिलं नसतं. पण महिनाभरच... नऊ वर्षं नाही.

काटा मी सरळ करून घेतला आहे. खुर्ची छपरीतच आहे. वच्छलाबाई तिच्यावर बसून जाळं विणतात. "घेऊन जा, तुमचीच होय," त्या म्हणाल्या. मी आणली नाही. रविवारी जातो तेव्हा त्या उठतात आणि मी थोडा वेळ बसतो. खुर्चीला पोटावरून बांधायचा पट्टा आहे. तो शिवायच्या आधी त्यांनी माझ्या पोटाचं माप सुतळीनं घेतलं होतं, काट्यावर नाही. परवा लावून पाहिला. बरोबर बसला.