मुक्तावहिनींच्या ओट्यावरचा नळ

आमची सून देवयानी सांडपाणी शुद्ध करून घरोघर परत पोचवते, हे मी इकडे उत्तरेत, जुन्या शहरातल्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी बायकांना सांगितलं तेव्हा एकीनं नाकाला पदर लावला. म्हटलं, लावा खुशाल! आम्ही शिवपूरच्या पुढे नव्या कॉलनीत राहायला आलो, तर इथे बोअरचं पाणी दर वर्षी खाली जातंय आणि लोक त्याच गोड्या पाण्यानं गाड्या धुतायत. देवयानीचं म्हणणं साधं. संडासाला, बागेला, कोपऱ्यावरच्या लाँड्रीला हे दुसरं पाणी द्या, पिण्याचं पिण्यासाठी ठेवा. त्यासाठी पोरगी दोन वर्षं खड्ड्यांच्या काठावर उन्हात उभी राहिली. रापून काळी झाली, पण हटली नाही.

नवं पाणी सोडायच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी होती. पिण्याची लाइन बंद करायची, नव्या जांभळ्या पाइपात हिरवा रंग घातलेलं चांगलं पाणी भरायचं आणि प्रत्येक घरी ओट्यावरचा नळ उघडून बघायचा. कोरडा राहिला तर ठीक. हिरवं पाणी आलं, तर प्लंबरनं दोन्ही पाइप कुठेतरी जोडून ठेवलेत.

सगळी घरं झाली, उरलं फक्त माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, मुक्तावहिनींचं. आणि नेमकी चंपाषष्ठी! आमच्या घराण्याचा कुळधर्म त्यांच्याकडे. पहाटे पंचगंगा घाटावरून पाणी आणून सोवळ्यात स्वयंपाक, आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य बारा म्हणजे बाराला. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा वहिनी आधी नैवेद्य दाखवून मगच रिक्षात बसल्या होत्या.

"हे असले बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात?" वहिनी दारातूनच कडाडल्या. "उद्या ये."

"उद्या खरं पाणी सुटणार, मोठ्या काकू. ओजस शाळेतून आला की त्याच नळाला तोंड लावतो ना?"

नातवाचं नाव निघालं तरी बाई ढिम्म. गल्लीत लोक सकाळपासून पाणी नाही म्हणून बोंबलत होते. ठेकेदार म्हणाला, "एक घर छोड़ दीजिए मैडम, क्या फ़र्क पड़ता है?"

"नहीं छोड़ूँगी," देवयानी म्हणाली आणि तरातरा आमच्या घरात आली. "आई, सोवळ्याची साडी आहे तुमच्याकडे?"

"माझ्याकडे? मी कधी पाळलंय सोवळं!"

मग तिनं मी भरून ठेवलेल्या बादलीतलं गार पाणी डोक्यावर ओतलं, एक साडी धुतली, पिळली आणि ओलीच नेसली. डिसेंबरची थंडी, बाहेर धुकं. "अगं, न्यूमोनिया होईल तुला!" मी ओरडले. ऐकेल तर शपथ! तशीच अनवाणी सगळ्या गल्लीसमोरून गेली.

"ओलेत्यानं आलेय, काकू. कुणाला शिवले नाही. आता तरी येऊ द्या."

वहिनींनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्या बाजूला झाल्या. मी मेली पारोशी, उंबऱ्याबाहेरूनच बघत होते. देवयानीनं नळ फिरवला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग भांडी घासायच्या मोरीत हिरवंगार पाणी पडायला लागलं.

"अगं बाई," वहिनी भिंतीला टेकल्या. "ओजस हेच प्यायला असता."

देवयानीचे दात वाजत होते. "जोड भिंतीच्या आत असणार, काकू. फोडावी लागेल. तुमचा नैवेद्य झाला की गवंड्याला बोलावते, तोवर नळ बांधून ठेवते."

वहिनींनी घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा झाले होते. चुलीवरचं भरीत त्यांनी उतरवलं, देवांसमोर हात जोडले, आणि खुंटीवरची सोवळ्याची लोकरी धाबळी काढून देवयानीच्या खांद्यांवर घट्ट गुंडाळली.

"आत्ता बोलाव त्याला," त्या म्हणाल्या. "ओजस यायच्या आत. नैवेद्य थांबेल."

मला रडूच आलं. गवंडी चपला काढायला लागला तर वहिनीच म्हणाल्या, "रहने दो भैया, पैर में टाइल्स लगेगी." भिंत फुटली, जोड निघाला, नळ पुन्हा उघडला तो कोरडा ठणठणीत. मग वहिनींनी आंघोळ केली, ओटा धुतला आणि सगळा स्वयंपाक पहिल्यापासून केला.

त्या दिवशी आमचा खंडोबा दिवेलागणीला जेवला.